मॅडमचा रेणू

प्रयोगशाळेत सगळे जिला 'धाकटी' म्हणत, त्या संशोधिकेने संगणकातलं एक मॉडेल पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. औषधाचा रेणू दाखवला की ते निकाल द्यायचं आणि त्याचं कारणही सांगायचं. आज प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना पटलं, तरच ते इथे राहणार होतं. धाकटी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती.

मॅडमनी स्वतः रचलेला रेणू त्याच्यापुढे ठेवला. लगेच उत्तर उमटलं, "हे औषध देऊ नये. याच्या टोकाचा भाग यकृतात मोडतो आणि त्याचं विष होतं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजारचा सहकारी कुजबुजला, "अगं, याला जरा गोड बोलायला तरी शिकवायचंस!"

धाकटी लगबगीने पुढे झाली. "मॅडम, चुकलं असेल त्याचं, मी पुन्हा..."

"चुकतंय कशाला? ते टोक मीच मुद्दाम जोडलं होतं." मॅडम खळखळून हसल्या. "राहू दे याला इथेच! परवा हाच रेणू तुम्हाला दाखवला, तेव्हा एकजात सगळे म्हणालात, 'वा मॅडम, सुरेख!'"

धाकटी लाजली, हसली आणि डोळे पुसू लागली. पहिली 'वा' तिचीच होती.