वरची पट्टी

शिवांजली वर्गात बोलायची नाही, ओरडायची. मी टेबलावर डस्टर आपटला की आणखी मोठ्यानं ओरडायची. सगळी चौथी कानांत बोटं घालायची. घरी मारझोड होत असणार असं वाटून शेवटी तिच्या वडिलांना बोलावलं. शिरोलीच्या फाउंड्रीतून ते कामाच्या कपड्यांतच आले. "पोरीला घरी मारता काय?" मी सरळच विचारलं. ते हसून म्हणाले, "व्हय बाई, व्हय." माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात शिवांजली त्यांच्या कानाशी ओरडली, "आबा, मला मारता काय म्हणून इचारत्यात!" त्यांचा चेहरा उतरला. "न्हाय ओ बाई! मशिनीपुढं उभारून कान गेल्यात माझं. घरात वरडून सांगितल्याबिगर कायबी कळत न्हाय मला." मी डस्टर खणात टाकला आणि शिवांजलीला टेबलाजवळ बोलावलं. "हे बघ, माझे कान शाबूत आहेत. वर्गात हळू बोललीस तरी मला ऐकू येतंय." तिचं "खरंच?" ऐकायला मला वाकावं लागलं.