सात टॉवर

साक्षीनं मोबाइलवरच्या गेममध्ये महिनाभरात एक अख्खं राज्य उभं केलं. चार शहरं, रेल्वे, मेडिकल कॉलेज, तलावाकाठी स्टेडियम. पण राज्याच्या सीमेवर, नदीकाठी तिनं दहा घरांचं एक गाव वसवलं होतं आणि तिथं शाळा-बाजार सोडून ती नुसते मोबाइलचे टॉवर उभे करत सुटली होती.

ज्वारी निवडता निवडता तिच्या आईनं, ताराबाईंनी, डोकावून पाह्यलं. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

"काऊन वं साक्षे, एवढ्याशा गावाले सात टावर?"

"आपल्याच राज्याची रेंज लागली पायजे ना, आई."

ताराबाईंचा हात सुपातच थांबला.



साक्षीचे बाबा छातीत कळ येऊन गेले, त्या दिवशी ताराबाईंनी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी लावलेला फोन नदीपलीकडच्या टॉवरवरून महाराष्ट्रात लागला होता. तेलुगूऐवजी मराठी ऐकू आलं, तशा त्या आपलंच माणूस भेटलं म्हणून दहा मिनिटं रस्ता समजावत राहिल्या, आणि आपलं गाव तेलंगणात आहे हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.