दोनदा निवलेला चहा

स्टोव्हवर पातेल्याचं झाकण खडखडलं आणि उकाई धरणाच्या तळ्याकाठची शांतता मोडली. यांनी तंबूच्या दारातूनच दोन बोटं ओठांना लावली, म्हणजे चहा हवा. मी पंजा दाखवला, पाच मिनिटं थांबा. शेजारच्या तंबूतल्या बेन कळवळल्या, "बिचारा भाई बोली नथी शकता?" मला हसूच फुटलं. "बोलतात हो! सुरतला कापडाच्या कारखान्यात लूमवर असतात. त्या खडखडाटात हातवाऱ्यांनीच बोलावं लागतं, घरीही तीच सवय." हे ओशाळले. लेकीला मांडीवर घेऊन सांगू लागले, "हे पाणी आपल्या गावच्या तापीचंच. मी तिच्यात म्हशीच्या पाठीवर बसून डुंबायचो." मग म्हशीचं नाव, तिचे रुसवे. लेक खिदळत होती. लूमवर दोन घोटांत चहा संपवणाऱ्या माणसाचा कप पार गार झाला. दोनदा गरम केला, दोनदा निवला. लेक कानाशी कुजबुजली, "आई, उद्या घरीसुद्धा पप्पा बोलतील ना?"