मागचं चाक

जयसिंग आधी आला. पौडच्या नाक्यावर फकरुद्दीनभाईंनी ताडपत्री बांधून थांबा केला होता. तिथं त्यानं स्कूटर उभी केली तेव्हा वाल्मीकचा अजून पत्ता नव्हता.

ब्याऐंशी सालची ती स्कूटरची शर्यत. पिरंगुट, घोटावडे, पौड करत मुळशी धरणाच्या कडेनं घाटापर्यंत जायचं आणि परत यायचं. जयसिंग आणि वाल्मीक दोघंही फकरुद्दीनभाईंच्या गॅरेजचे, एकाच संघातले. मिस्त्री मात्र एकच, कोंडाजी. तो वाल्मीकचा बाप.

रस्त्यावरच्या खडीनं टायर सोलून निघायचे, म्हणून पौडला दोघांचंही मागचं चाक बदलायचं ठरलं होतं. टायर दोन्ही नवे मिळाले. नवी ट्यूब साऱ्या पुण्यात हिंडून एकच मिळाली. दुसऱ्या चाकात दोनदा पंक्चर काढलेली जुनी ट्यूब घालावी लागणार होती. भाईंनी दोघांना समोर बसवून निकाल दिला, की जो आधी येईल त्याला नव्या ट्यूबचं चाक. दोघांनी तो मानला. चाकं कोंडाजीनं पहाटे एकट्यानं भरली. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच.

त्या दोन चाकांपाशी कोंडाजीचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं एक उचललं, बसवलं, नट आवळले.

"काका, नवीचं ह्येच न्हवं?" जयसिंगनं विचारलं.

"व्हय," कोंडाजी म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

जयसिंग निघाला तेव्हा वाल्मीक नुकताच ताडपत्रीखाली शिरत होता. जयसिंगनं मागं वळून पाहिलं. कोंडाजी दुसरं चाक दोन्ही हातांनी छातीशी धरून लेकाकडे येत होता. बापाचं काळीज, जयसिंगला वाटलं, आणि त्याला थोडी लाज वाटली.

शर्यत जयसिंगनं मारली. वाल्मीक आलाच नाही. धरणाच्या वरच्या वळणावर त्याचं मागचं चाक फुटलं आणि तो स्कूटरसकट खाली गेला. लोकांनी त्याला झोळीत घालून वर आणला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. स्कूटर दरीतच राहिली, ती काढायला कुणी उतरलं नाही.

पंचक्रोशीत कोंडाजीचं नाव झालं. पोटच्या पोराला ठिगळाची ट्यूब दिली, पण शब्द मोडला नाही, असं लोक सांगू लागले. सरपंचांनी त्याला चावडीवर बोलावून शाल-नारळ दिला. शाल त्यानं घरी येताच लेकाच्या पायांवर घातली आणि पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही.

जयसिंगला पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या संघात बोलावलं. तो गेला नाही. स्कूटरला त्यानं पुन्हा हात लावला नाही. रोज सकाळी तो कोंडाजीच्या घरी जायचा, वाल्मीकला उचलून पडवीत आणायचा, अंग पुसायचा, पाठीच्या जखमा धुवायचा. संध्याकाळी पुन्हा उचलून आत न्यायचा. जयसिंगची सुपारी फुटली होती. मुलीकडची मंडळी दोन वर्षं थांबली आणि मग त्यांनी मुलगी माण गावात दुसऱ्या घरी दिली. जयसिंगनं बोल कुणालाच लावला नाही. वाल्मीकच्या वाट्याचं चांगलं चाक आपल्याला लागलं, एवढंच तो धरून बसला होता.

वाल्मीकची आई चंद्राबाई पहिली भाकरी जयसिंगलाच वाढायची. पण त्याच्या तोंडाकडे कधी बघायची नाही.

वाल्मीक बापाशी बोलायचा नाही. बापाच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. एकदा पाठ धुताना तो जयसिंगला म्हणाला, "माझ्या बापाला न्याय लई कळतो. मीच तेवढा कळलो न्हाई त्याला."

कोंडाजी उंबऱ्यातच उभा होता. आता तरी हा काही बोलेल, लेकाची समजूत घालेल, असं जयसिंगला वाटलं. कोंडाजीनं पायाशी सांडलेलं पाणी फडक्यानं टिपलं आणि तो बाहेर गेला.

अशी सहा वर्षं गेली. जखमा चिघळत गेल्या, ताप उतरेना. शेवटी शेवटी वाल्मीक इतका हलका झाला, की जयसिंगला तो एका हातावर पेलायचा. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो गेला. बापाशी अबोला तसाच ठेवून गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जयसिंग सवयीनं आला. उचलायला कुणी नव्हतं. त्यानं अंथरुणाची गुंडाळी केली, पडवी झाडली आणि कोंडाजीशेजारी टेकला. यापुढं शेताचं, घराचं सगळं आपण बघू, असं त्यानं सांगितलं. मलाच तुमचा पोरगा समजा, म्हणाला.

कोंडाजीनं अंथरुणाची गुंडाळी भिंतीशी सरकवली.

"उद्यापास्नं येऊ नगंस," तो म्हणाला.

"असं कसं, काका? तुमचे उपकार हायेत माझ्यावर."

"उपकार न्हाईत. मला एकट्याला त्यो उचलवला नसता, म्हणून गप ऱ्हायलो सहा वर्सं." कोंडाजीनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं. "नवी ट्यूब वाल्मीकच्याच चाकात व्हती."