सात मात्रांची चाल

"गती एकशे वीस, मात्रा चार. यंत्रानंच निवडलंय, काका. सगळ्यांना हेच आवडतं," म्हणत कंपनीकडून आलेल्या रेवानं स्पीकर लावला.

टिपणीसांनी तोंड वाकडं करून ऐकलं. कंपनीनं त्यांच्या घरात बसवलेल्या आवाज टिपणाऱ्या फरशीनं नऊ वर्षं त्यांच्या बायकोची, शशिकलाबाईंची, पावलं टिपून ठेवली होती. उद्या वर्षश्राद्धाला त्या पावलांचं गाणं वाजायचं होतं, आणि गाणं पक्कं झालं की कंपनी मूळ पावलं कायमची पुसणार होती. समोर वाजत होती ती मात्र पोलिसांची कवायत.

"ही कोण पळतेय?" त्यांनी विचारलं.

"काकूच की. त्यांच्या चालण्यात दोष होता, तो यंत्रानं काढला."

"दोष? पोलिओ झाला होता तिला. उजव्या पायावर चार मात्रा, डाव्यावर तीन. सात होतात. तुझ्या दीडशहाण्या यंत्राला एवढंही मोजता येत नाही?"

"सातावर कुणाला नाचता येत नाही, काका."

"श्राद्धाला नाचणार कोण आहे? तुझं यंत्र?"

रेवा ओशाळली. तिनं मात्रा सात केल्या आणि गती निम्म्याहून खाली आणली.

"आणि वर ती पिपाणी वाजतेय, तीही काढ."

मग नुसती पावलं उरली. एक लांब, एक आखूड. टिपणीसांच्या तोंडात पुढचा टोमणा तयारच होता. पण पावलं जवळ आली तसे ते सवयीनं उठले, आणि चहा सांडायच्या आत बायकोच्या हातातला कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला.