चढावरची विहीर

लायल ब्रँडव्होल्डने पिकअप कचरा डेपोच्या वजनकाट्यावरच आडवा लावला आणि प्रयोगशाळेचा कागद खिडकीवर आपटला.

“माझ्या विहिरीत तणनाशक निघालंय! आता बोल!”

खिडकीत व्हर्ना केसलर होती, डेपोची व्यवस्थापक. अकरा वर्षं ती या माणसाची आरडाओरड ऐकत होती. सोमवारी काउंटीची सभा होती. डेपो बंद करा म्हणून लायलने दोनशे सह्या जमवल्या होत्या, फक्त पुरावा नव्हता. तो आज टपालाने आला होता, त्यामुळे स्वारी भलतीच रंगात होती.

व्हर्नाने कागद वाचला. ती नेहमीसारखी वाद घालत बसली नाही.

“चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

दोघं कचऱ्याच्या खड्ड्याच्या कडेने निघाली. तळाला चिकणमाती, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचं अस्तर, झिरपलेलं काळं पाणी उपसायचे पाइप, रोज संध्याकाळी कचऱ्यावर वीतभर माती. लायलला हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्यातल्या कशावरही त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या शेताला लागून असलेल्या कुंपणापाशी व्हर्ना थांबली. तिथे कुलूप लावलेली एक लोखंडी नळी जमिनीतून वर आली होती.

“पाणी तपासायच्या चार विहिरी आहेत आमच्या. डेपोखालचं पाणी ज्या बाजूला वाहत जातं, तिथल्या तिन्ही स्वच्छ आहेत. ही चढावरची. इथलं पाणी तुमच्या शेताकडून येतं, अजून आमच्या कचऱ्याखाली आलेलंच नसतं. तुमच्या कागदावरचं तणनाशक हिच्यात चार वर्षं सापडतंय.”

“मग?”

“मग तुमच्या शेतातल्या घळीत काय आहे, ब्रँडव्होल्ड?”

प्रत्येक शेतकऱ्याच्या घळीत असायचं तेच लायलच्या घळीत होतं. बापाने टाकलं, मग त्याने टाकलं. तणनाशकाचे डबे, तेलाची पिंपं, बॅटऱ्या. वर गवत उगवलं की विषय संपला. घळीच्या उताराला आधी त्याची स्वतःची विहीर आणि मग हे कुंपण. दोनशे सह्यांची आठवण येऊन त्याचे कान तापले. कुठे तोंड लपवावं ते त्याला कळेना.

“चार वर्षं माहीत होतं, तर भर सभेत माझं तोंड का नाही बंद केलंस?”

“आमच्या अहवालात छापलेलं असतं. तुम्ही कधी वाचला नाहीत. आणि तुमचं नाव घेऊन बोलू नकोस म्हणून कुणीतरी मला गळ घातली होती.”

“कुणी?”

व्हर्नाने नुसतं डेपोच्या शेडकडे बोट केलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे विषारी डबे वेगळे घेतात. शेडपुढे लायलची घरची निळी गाडी उभी होती. चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते म्हणून घरातून निघालेली त्याची बायको आर्डिथ, एकाहत्तर वर्षांची बाई, रबरी हातमोजे घालून डिकीतून गंजके डबे उतरवत होती. शेडमधला माणूस तिच्याशी जुन्या ओळखीने बोलत होता.

लायल जड पावलांनी तिच्यापाशी गेला. त्याला पाहून आधी तिचाच चेहरा उतरला, जणू चोरी तिची पकडली गेली होती. ते पाहून त्याला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आर्डिथने हातमोज्यांचा दुसरा जोड त्याच्यापुढे धरला.

“तुझ्या बाबांचं सगळं उपसून झालंय,” ती म्हणाली. “आता उरलंय ते तुझं. ते माझ्याने एकटीने उचलत नाही.”