भंगारातली काच

शीतलला दिवस गेलेत म्हटल्यावर आदिनाथ असा हरखला, की बाजारातून थेट पाळणाच उचलून आणला, हॅचबॅकच्या डिकीत कोंबला आणि दणक्यात दार आपटलं. पाळण्याच्या दांड्यावर मागच्या काचेचा पार भुगा झाला.

आज जालन्यात शीतलला सोनोग्राफीला सोडून त्यानं भंगारवाल्याकडून जुनी काच बसवून घेतली. तिच्यावर आधीच्या मालकाच्या लेकरांची नावं होती, रेडियमच्या टपोऱ्या अक्षरांत: 'ईश्वरी' आणि 'शिवांश'.

दवाखान्याच्या दारात शीतलनं ती वाचली आणि पोट धरून हसतच सुटली.

"हसू न्हको! आपलं एक लेकरू अजून यायचंय, अन् काचेवर दोन? अख्खं पिंपळगाव इचारत बसंल," म्हणत ओशाळलेल्या आदिनाथनं ब्लेड काढलं.

'ईश्वरी' खरडून झाली. 'शिवांश'ला ब्लेड लागणार, तोच शीतलनं त्याचा हात धरला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नावं खरडा, पण जागा दोघांची ठेवा. अन् अजून एक पाळणा आणावा लागंल बरं का. आता तरी डिकी हळू लावा."